धूळपाटीपासून पाळकपदापर्यंत : तरंगंबाडीच्या शाळेचा आणि सेमिनरीचा इतिहास

तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर, कावेरीच्या सुपीक खोऱ्याच्या टोकाला तरंगंबाडी हे गाव आहे. गाणाऱ्या लाटांचे गाव, असा या नावाचा अर्थ सांगतात. युरोपियनांनी त्याचे ‘ट्रांकेबार’ केले. तंजावरच्या रघुनाथ नायकांशी करार करून १६२० मध्ये डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी ही जागा मिळवली आणि समुद्रालगत डान्सबोर्ग किल्ला उभारला. पुढे अर्धशतकाने तंजावरची सत्ता बदलली. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे भोसले यांनी तेथे मराठी राज्य स्थापले. डॅनिश वखार मात्र होती तिथेच राहिली आणि आता ती मराठी राज्याच्या कुशीत आली. ज्या संस्थेचा इतिहास येथे मांडायचा आहे, ती या वखारीच्या तटबंदीआड जन्माला आली. म्हणून मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. अखेरीस तो आपल्या देवनागरी छापखान्यापाशीच येऊन पोचतो.

हाल्लेहून आलेले दोघे

डेन्मार्कचे राजे चौथे फ्रेडरिक यांना आपल्या वसाहतीत ख्रिस्ती धर्माचा प्रसार व्हावा असे वाटत होते. त्यासाठी माणसे मिळाली ती जर्मनीत. हाल्ले गावात ऑगस्ट हेरमान फ्रांके हे लूथरन पाळक आणि विद्यापीठातले अध्यापक गरीब मुलांची शाळा, अनाथालय आणि शिक्षक घडवणारे वर्ग एकाच आवारात चालवत होते. उपदेशाला शाळेची जोड हवीच आणि शाळेला स्वयंपाकघराची, ही त्यांची धारणा होती. त्यांच्या प्रभावाखाली वाढलेले बार्थोलोमेअस झीगेनबाल्ग आणि हाइनरिक प्ल्यूटशाउ हे दोन तरुण कोपनहेगनमध्ये पाळकपदाची दीक्षा घेऊन १७०५ च्या नोव्हेंबरात जहाजावर चढले आणि ९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडीला उतरले.

झीगेनबाल्ग सॅक्सनीतल्या पुल्सनिट्झ गावचे. आईवडील लहानपणीच गेले आणि थोरल्या बहिणीने त्यांचा सांभाळ केला. मृत्युशय्येवरच्या आईने मुलांना जवळ बोलावून, बायबलमध्ये तुमच्यासाठी मोठे धन ठेवले आहे, असे सांगितल्याची आठवण त्यांच्या चरित्रांत आवर्जून येते. प्रकृती पहिल्यापासून नाजूक, शिक्षण आजारपणामुळे पुन्हा पुन्हा खंडित झालेले. तरंगंबाडीला उतरले तेव्हा ते चोविशीच्या आसपास होते.

स्वागत झाले नाही. राजाचे पत्र हाती असूनही वखारीच्या गव्हर्नरला हे पाहुणे नको होते. धर्माच्या गोष्टींनी स्थानिक लोक बिथरतील आणि व्यापार बसेल, ही त्याची भीती. कंपनीचा कारभार आणि राजाची इच्छा यांच्यातली ही ओढाताण पुढे कित्येक वर्षे संस्थेच्या मानगुटीवर बसली.

ओटीवरची शाळा

दोघांनी कामाची वाटणी केली. प्ल्यूटशाउ यांनी पोर्तुगीज घेतली. किनाऱ्यावरच्या मिश्र वस्तीची ती व्यवहारभाषा होती. झीगेनबाल्ग यांनी तमिळ घेतली. व्याकरण नव्हते, कोश नव्हता, शिकवायला राजी असा विद्वानही नव्हता. तेव्हा त्यांनी एका वृद्ध तमिळ पंतोजींना विनंती केली की, तुमची शाळा माझ्या घरी भरवा. पंतोजी मुलांना घेऊन आले. मुले जमिनीवर वाळू पसरून तीत बोटाने अक्षरे गिरवू लागली आणि त्यांच्या रांगेत मांडी घालून नवे पाळकही वाळूत बोट फिरवू लागले.

आपल्याकडे धूळपाटीवर अक्षर गिरवल्याशिवाय विद्यारंभ होत नसे. तरंगंबाडीच्या संस्थेचा विद्यारंभही असाच झाला. फरक इतकाच की अक्षर गिरवणारा हात पुढे तिचा संस्थापक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाचा होता. या संस्थेत जे जे टिकले, ते या एका सवयीतून निघालेले आहे : शिकवायला बसण्याआधी शिकायला बसायचे.

पंतोजी अक्षरे शिकवत, पण त्यांना युरोपची कोणतीच भाषा येत नव्हती. अर्थ उलगडून सांगण्यासाठी अळगप्पन नावाचे दुभाषी मिळाले. त्यांना पोर्तुगीज, डॅनिश, डच, जर्मन अशा भाषा अवगत होत्या. झीगेनबाल्ग यांनी आपला दिनक्रम पत्रांतून लिहून ठेवला आहे. सकाळी प्रार्थना आणि धर्मप्रश्नोत्तरी. मग शब्दांची उजळणी. आठ ते बारा तमिळ ग्रंथांचे वाचन. तेव्हा शेजारी एक वृद्ध कवी आणि एक लेखनिक बसलेले असत. दुपारी पुन्हा वाचन. संध्याकाळी डोळे थकले की दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊन ऐकणे. तमिळ आपल्याला मातृभाषेसारखी झाली आहे, असे काही वर्षांतच ते लिहू शकले.

ग्रंथ जमवण्यासाठी त्यांनी लेखनिकांना खेड्यापाड्यांत धाडले. ब्राह्मणांच्या घरी मागे राहिलेल्या विधवांकडून ताडपत्रे विकत घेतली. १७०८ मध्ये शंभराहून अधिक तमिळ ग्रंथांची वर्णनात्मक सूची तयार झाली. त्याच वर्षी त्यांनी ‘कोन्रै वेंदन’, ‘उलगनीती’ यांसारख्या तमिळ नीतिग्रंथांचा जर्मन अनुवाद केला. लोकांच्या घरातली नीती काय आहे हे कळल्याखेरीज त्यांच्याशी बोलायचे कशाच्या आधारे, असा त्यामागचा विचार.

त्यांचा मोठा ग्रंथ दक्षिणेतल्या देवदेवतांच्या वंशावळीचा. १७१३ मध्ये त्याचे हस्तलिखित हाल्लेला गेले. तिथून फ्रांके यांनी कळवले की, मूर्तिपूजा दूर करायला तुम्हाला पाठवले आहे, तिच्या कथा युरोपात पसरवायला नव्हे. ग्रंथ कपाटात पडून राहिला आणि १८६७ मध्ये मद्रासमध्ये छापला गेला. गुरूने शिष्याचे काम ओळखले नाही, अशी ही घटना आहे. ती नोंदवली पाहिजे, कारण तरंगंबाडीला जे उमगले होते ते हाल्लेलाही उमगायला दीडशे वर्षे लागली.

मुले, मुली, तुरुंग आणि छापखाना

१७०७ मध्ये पहिले बाप्तिस्मे झाले. ते युरोपियन घरांत राबणाऱ्या गुलामांचे होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘न्यू जेरुसलेम’ नावाचे लहानसे प्रार्थनामंदिर उभे राहिले. शाळेत मुलांबरोबर मुलीही आल्या. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुलींसाठी नियमित वर्ग चालवणे ही साधी गोष्ट नव्हती. बरीच मुले गरिबाघरची किंवा पोरकी असल्यामुळे त्यांच्या जेवणाची आणि कपड्यांची व्यवस्थाही शाळेलाच करावी लागे. पाळकाचे घर, मुलांचे वसतिगृह आणि वर्ग यांच्यामध्ये भिंत अशी फारशी नव्हतीच.

१७०८ च्या अखेरीस एका गरीब विधवेच्या बाजूने झीगेनबाल्ग उभे राहिले. तिच्या दिवंगत पतीच्या कर्जाचा तो वाद होता. गव्हर्नरने ते निमित्त साधून त्यांना किल्ल्यात कोंडले. चार महिने ते तिथे होते. या काळात दोन माणसांवर उभी असलेली शाळा एका माणसावर आली. सुटकेनंतर १७०९ मध्ये योहान एर्न्स्ट ग्र्युंडलर येऊन मिळाले. ते हाल्लेत शिक्षक होते आणि शाळा कशी चालवायची हे त्यांना हाताने ठाऊक होते. त्याच वर्षी झीगेनबाल्ग यांनी तंजावरच्या मराठी राज्यात आत जाण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यांना वाटेतूनच परतावे लागले.

शाळा वाढली तशी पुस्तकांची गरज भासू लागली. ताडपत्रावर लेखणीने कोरून किती प्रती होणार? लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीने मुद्रणयंत्र पाठवले. तमिळ खिळे हाल्लेत ओतून १७१३ मध्ये आले. पण ते आकाराने मोठे होते आणि कागद दुर्मीळ. म्हणून तरंगंबाडीतच लहान खिळे ओतण्यात आले. १७१४-१५ मध्ये नवा करार तमिळमध्ये छापून झाला. मग जवळच्या पोरैयार गावी कागदाची गिरणीही उभी करण्याची खटपट झाली. शाळेच्या एका गरजेतून दुसरा उद्योग जन्माला येतो, त्यातून तिसरा, हे संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाला परिचित असलेले चित्र आहे.

संसार आणि सेमिनरी

१७१४ मध्ये झीगेनबाल्ग युरोपला गेले. संस्थेची बाजू राजापुढे मांडायची होती, निधी जमवायचा होता. याच वास्तव्यात त्यांचा मारिया डोरोथेया साल्झमान यांच्याशी विवाह झाला. त्यांचे तमिळ व्याकरण १७१६ मध्ये हाल्लेत छापून निघाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हे जोडपे मद्रासमार्गे परतले.

त्या काळी लूथरन पाळकाचे घर ही मंडळीची दुसरी शाळा मानली जाई. मार्टिन लूथर आणि काथारिना यांच्या घरापासून चालत आलेली ती रीत होती : जेवणाच्या पंगतीला विद्यार्थी, ओसरीवर गरजू, आणि घराची मालकीण हीच त्या सगळ्याचा कणा. मारिया डोरोथेया यांच्या वाट्याला हे सारे परक्या हवेत, परक्या भाषेत आले. संस्थेच्या कागदपत्रांत त्यांच्या वाट्याला थोड्याच ओळी आहेत. घर चालले म्हणून शाळा चालली, ही नोंद तरी त्यांच्या नावावर असायला हवी.

परतल्यावर काही आठवड्यांतच झीगेनबाल्ग यांनी आठ तमिळ तरुणांना घेऊन सेमिनरी सुरू केली. उद्देश स्पष्ट होता. शिक्षक, उपदेशक आणि पुढे पाळक हे याच मातीतले असावेत; मंडळीने युरोपहून येणाऱ्या जहाजाकडे डोळे लावून बसू नये. आठ हा आकडा आज लहान वाटेल. पण दहा वर्षांपूर्वी जो माणूस मुलांच्या रांगेत बसून अक्षर गिरवत होता, त्याने आता तमिळमधून ईश्वरविज्ञान शिकवायला सुरुवात केली होती.

१७१७ मध्ये मोठ्या उपासनामंदिराची पायाभरणी झाली आणि ११ ऑक्टोबर १७१८ रोजी त्याचे समर्पण झाले. आराखडा क्रुसाच्या आकाराचा. मात्र आत बसण्याच्या जागा वेगवेगळ्या होत्या. युरोपियन वेगळे आणि तमिळ ख्रिस्ती लोकही जातींप्रमाणे वेगळे. देवाच्या एका छताखालचा हा भेद पुढे अनेक पिढ्या मंडळीला छळत राहिला. संस्थेच्या इतिहासातली ही उणीव आहे आणि ती झाकून ठेवण्यात तिचा सन्मान नाही.

याच सुमारास कोपनहेगनच्या मिशन मंडळाच्या कार्यवाहांची कठोर पत्रे येऊ लागली. शाळा, इमारती, छापखाना यांवर खर्च कशाला? प्रेषितांप्रमाणे हाती काही न घेता फिरा आणि उपदेश करा, असा त्यांचा आग्रह. जेवू घातल्याशिवाय मुले शाळेत टिकत नाहीत हे दूरच्या कचेरीत बसून कळणे अवघड होते. आधीच खचलेल्या झीगेनबाल्ग यांना ही पत्रे जिव्हारी लागली. २३ फेब्रुवारी १७१९ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेवटच्या घटकेला त्यांनी आवडते उपासनागीत गायला सांगितले होते. संसार जेमतेम तीन-साडेतीन वर्षांचा झाला. त्यांना नव्या उपासनामंदिरातच पुरण्यात आले. पुढच्याच वर्षी ग्र्युंडलरही गेले.

आरुमुगम ते आरोन

दोन्ही खांब कोसळल्यावर संस्था संपायला हवी होती. ती संपली नाही, याचे कारण १७१६ च्या त्या निर्णयात आहे. शाळेत शिकून तयार झालेले तमिळ शिक्षक आणि उपदेशक गावोगाव काम करत होते. नव्याने आलेले बेंजामिन शुल्त्झे यांनी अर्धवट राहिलेले जुन्या कराराचे तमिळ भाषांतर पुरे केले.

कडलूरच्या एका व्यापारी घराण्यातला आरुमुगम हा तरुण झीगेनबाल्ग यांच्या हातून बाप्तिस्मा घेऊन आरोन झाला होता. तो उपदेशक म्हणून अनेक वर्षे पायी हिंडला. त्याची परीक्षा घेऊन, सर्वांच्या संमतीने २८ डिसेंबर १७३३ रोजी त्याला पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. प्रोटेस्टंट परंपरेत दीक्षित झालेले ते पहिले भारतीय पाळक. मायावरम् आणि आसपासच्या गावांतल्या मंडळ्या त्यांनी सांभाळल्या. तो सारा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा. १७४५ मध्ये आरोन वारले तेव्हा दिओगो हे दुसरे भारतीय पाळक कामाला लागलेले होते.

श्वार्ट्झ : घर नसलेल्या पाळकाचे कुटुंब

१७५० मध्ये ख्रिस्तियन फ्रीडरिक श्वार्ट्झ आले. त्यांनीही तमिळ शिकण्यासाठी सर्वांत लहान मुलांचा धर्मवर्ग मागून घेतला आणि बोबडे बोलणाऱ्यांबरोबर आपणही बोबडे बोललो, असे लिहून ठेवले. चार महिन्यांत त्यांनी झीगेनबाल्ग यांच्या उपासनामंदिरात पहिले तमिळ प्रवचन केले. संस्थेची सवय पुढच्या पिढीत उतरल्याची ही खूण.

श्वार्ट्झ आजन्म अविवाहित राहिले, पण एकटे कधी राहिले नाहीत. तरंगंबाडीचे जुने पाळक योहान बाल्थाझार कोलहोफ १७३७ मध्ये आले होते. त्यांचा मुलगा योहान कास्पर याला श्वार्ट्झ यांनी लहानपणीच आपल्याजवळ घेतले, पोटच्या मुलासारखे वाढवले, शिकवले आणि १७८७ मध्ये, बाल्थाझार यांच्या सेवेला पन्नास वर्षे होत असताना, पाळकपदाची दीक्षा दिली. जन्मदाता बाप समोर, घडवणारा बाप शेजारी. योहान कास्पर यांचा मुलगाही पुढे पाळकच झाला. कोलहोफ घराण्याच्या तीन पिढ्यांनी मिळून सुमारे दीडशे वर्षे कावेरीच्या खोऱ्यात काढली. त्यांतल्या भारतात जन्मलेल्या पाळकांना परतायला दुसरा देश उरला नव्हता.

तिरुचिरापल्ली आणि नंतर तंजावर ही श्वार्ट्झ यांची कर्मभूमी झाली. तंजावरच्या दरबारात बोलता यावे म्हणून त्यांनी मराठीचाही अभ्यास केला. त्यांच्या शब्दाला असे वजन आले की १७७९ मध्ये मद्रासच्या इंग्रज सरकारने हैदर अलीकडे बोलणी करायला त्यांनाच पाठवले. पुढे हैदरशी झालेल्या युद्धात तंजावरचा किल्ला उपासमारीच्या उंबरठ्यावर असताना शेतकरी कोणाला धान्य द्यायला तयार नव्हते, कारण पैसे मिळतील याची खात्री नव्हती. श्वार्ट्झ यांनी स्वतः हमी घेतली तेव्हा धान्याच्या गाड्या आल्या.

एक मराठी राजपुत्र

१७८७ मध्ये मरणासन्न तुळजाराजे भोसले यांनी दत्तक घेतलेला दहा वर्षांचा मुलगा सरफोजी याचा हात श्वार्ट्झ यांच्या हाती दिला. पालकत्वाचा सगळा अधिकार एका परकीय पाळकाने घ्यावा हे श्वार्ट्झ यांना योग्य वाटले नाही, म्हणून राजांचे बंधू अमरसिंह यांच्याकडे कारभार गेला. पुढे मुलाला कोंडून ठेवून शिक्षणापासून वंचित ठेवल्याचे दिसताच श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे दाद मागितली. सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले आणि तिथे पाळक गेरिके यांनी त्यांचे शिक्षण पुढे नेले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारले. अंत्यविधीला सरफोजी हजर होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते तंजावरच्या गादीवर बसले.

सरफोजीराजे आपल्या धर्मात राहिले, शिवभक्त राहिले. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेणारे राजे तेच. पण गुरूची आठवण त्यांनी जपली. लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांनी संगमरवरी स्मारक घडवून आणले. त्यात मृत्युशय्येवरच्या श्वार्ट्झ यांचा हात सरफोजींनी धरलेला आहे. तंजावरच्या ख्राइस्ट चर्चमध्ये ते आजही पाहता येते. ज्यांच्या हाती तुळजाराजांनी मुलाचा हात दिला, त्यांचाच हात शेवटी त्या मुलाने धरला.

त्या शिक्षणाचे फळ तंजावरला मिळाले. सरस्वती महाल ग्रंथालय वाढले. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, फारसी, इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभा राहिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बालबोध मुक्तावली’ हे मुलांसाठीचे मराठी पुस्तक तिथे छापले गेले. पुण्यामुंबईत मराठी पुस्तके छापली जाऊ लागण्याच्या आधीची ही गोष्ट. श्वार्ट्झ यांचेच दुसरे शिष्य वेदनायगम शास्त्रियार यांना तरंगंबाडीच्या सेमिनरीत शिकायला पाठवण्यात आले होते. ते तमिळचे मोठे ख्रिस्ती कवी झाले. एकाच गुरूच्या हाताखालून एक मराठी राजा आणि एक तमिळ कवी घडला आणि दोघांची मैत्री दरबारापर्यंत टिकली.

पुढची वाटचाल

१८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी इंग्रजांना विकली. डॅनिश राजाश्रय संपला. जर्मनीतल्या लाइपत्सिग मिशनने उरलेल्या मंडळ्या आणि शाळा आपल्याकडे घेतल्या. १९१९ मध्ये तमिळ इव्हँजेलिकल लूथरन चर्च स्थापन झाले आणि कारभार हळूहळू भारतीय हातांत आला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने गावाला तडाखा दिला, शेकडो माणसे गेली. झीगेनबाल्ग यांचे उपासनामंदिर मात्र उभे आहे आणि त्यात उपासनाही चालू आहे.

या चर्चचे मुख्य कार्यालय आता तिरुचिरापल्लीला आहे. पण तिथल्या बिशपांना आजही ‘तरंगंबाडीचे बिशप’ म्हणतात. कचेरी हलली, उपाधी मात्र त्या किनाऱ्यावरच राहिली.

संस्थेच्या स्मरणिकेत संस्थापकांची आणि आश्रयदात्यांची नावे छापण्याचा प्रघात आहे. या इतिहासातही राजे, मंडळ्या आणि पाळक यांची नावे आली. १७०६ साली ज्या मुलांनी एका परदेशी तरुणाला आपल्या रांगेत जागा करून दिली आणि अक्षर चुकले की वाळू पुसून पुन्हा काढून दाखवले, त्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत. सेमिनरीच्या पहिल्या आठ विद्यार्थ्यांआधी, आरोन यांच्या दीक्षेआधी, तंजावरच्या देवनागरी खिळ्यांआधी ती मुले होती. तरंगंबाडीच्या संस्थेचे पहिले अध्यापक म्हणून त्यांची नोंद येथे आदरपूर्वक करत आहोत.